सुगंधावहिनीची साक्ष

सुगंधा आढावला आमच्या मंडळीत सगळे वहिनी म्हणतात, तिच्याहून वयाने मोठ्या बायकासुद्धा. मुलुंड पूर्वेला, मिठागर रोडच्या आत आमचं छोटं मराठी चर्च आहे. बाहेरून बघणाऱ्याला ते बालवाडी वाटतं. महिन्याच्या पहिल्या रविवारी तिथे प्रभुभोजन असतं, येशूच्या आठवणीत भाकर आणि द्राक्षरस घ्यायचा. भाकर पाळकसाहेबांच्या, म्हणजे आमच्या धर्मगुरूंच्या घरून येते आणि द्राक्षरस वहिनीच्या. सासूने जाण्याआधी हे काम तिच्या हाती दिलं, तेव्हापासून त्या रसाला दुसऱ्या कुणाचा हात लागलेला नाही.

काळ्या मनुका आणायच्या, निवडायच्या, रात्रभर भिजत घालायच्या. सकाळी त्या पाण्यासकट उकळायच्या, कुस्करायच्या, मलमलीच्या फडक्यातून गाळायच्या. मग गाळलेला रस पुन्हा एकदा चांगला उकळायचा, थंड करायचा आणि बरणी फ्रिजमध्ये ठेवायची. दुसरं उकळणं टाळलं तर रस आंबायची भीती, आणि आंबलेला रस आमच्याकडे अजिबात चालत नाही. आमच्या आधीची पिढी नगरकडून इथल्या कारखान्यांत कामाला आली. त्यातल्या कितीतरी बाप्यांनी दारू सोडून प्रभूचा हात धरला. त्यांच्या ओठाला चर्चमध्ये तरी दारूचा थेंब लागू नये, म्हणून हा नियम. वहिनीचा रस कधी नासला नाही. ती हे बोलून दाखवत नसे, पण बरणी घेऊन फाटकातून आत येताना तिची मान जरा ताठ असायची.

चाळीतल्या घरात ती साड्यांना फॉल-पिको करून देते. नवरा चंद्रप्रकाश औषधांच्या गोडाऊनमध्ये आहे, गरीब माणूस, बोलायला कमी. वहिनी ख्रिस्ती घरातच जन्मली. तान्ही असताना बाप्तिस्मा झाला, मोठी झाल्यावर मंडळीसमोर स्वतःच्या तोंडाने विश्वास कबूल करून दृढीकरण झालं. रविवारच्या शाळेत मुलांना शिकवलं, आजाऱ्यांच्या घरी पेज नेली, चर्चची झाडलोट केली. सगळं केलं. पण प्रार्थनेत बाकीच्या बायका रडतात तशी ती कधी रडली नव्हती. डोळे मिटले की तिला आपली मशीन दिसायची, नाहीतर गॅसवरचं दूध.

आता दिपेश. हा चंद्रप्रकाशचा धाकटा भाऊ, शेजारच्याच खोलीत राहणारा. वहिनी नवी नवरी म्हणून आली तेव्हा तो शाळेत जायचा, त्याचा डबा तीच भरायची. पुढे वायरमन झाला, हात चांगला, पण दारूत गेला. बायको कल्पिता माहेरी जायची, परत यायची. तो गटाराशेजारी पडला की उचलायला वहिनी आणि चंद्रप्रकाश. एकदा पिऊन भर उपासनेत गाऊ लागला, तेव्हा चर्चच्या पंचांनी त्याला प्रभुभोजन बंद केलं. तेव्हापासून वहिनी दर शुक्रवारी बायकांच्या प्रार्थनेत उभी राहून म्हणायची, "आमच्या दिपेशसाठी मागा." बायका मागायच्या. तिचं ते वाक्य इतकं ठरलेलं होतं, की ती उभी राहिली की भगिनी मंडळाच्या नीलाबाई कुजबुजायच्या, "आली दिपेशची गाडी."

आणि मग ते मागणं खरंच मिळालं.

ईस्टरआधीच्या उपासकाळात चर्चच्या अंगणात मांडव घालून संजीवन सभा होती. नगरकडचे एक म्हातारे उपदेशक आले होते, आवाज एवढासा, पण ऐकत राहावं असा. दिपेश सभा ऐकायला आलाच नव्हता. त्याच्या खोलीची किल्ली वहिनीकडे होती, ती घ्यायला तो झोकांड्या खात मांडवात शिरला. वहिनीने डोळे वटारून खुणेने सांगितलं, बस. तो मागच्या खुर्चीत बसला. उपदेशक म्हणत होते, "नवा जन्म वरून मिळतो, बाबांनो. पोरगं आईच्या पोटातून स्वतःच्या ताकदीने येतं का? त्याला कुणीतरी जन्म देतं. कृपा म्हणजे पगार नाही, महिना भरला की हातात पडायला. बुडणाऱ्याला वर ओढतात तेव्हा त्याला पोहता येतं का, असं कुणी विचारत नाही."

दिपेश किल्ली विसरला. खुर्च्यांना धडकत पुढे गेला आणि जमिनीवर डोकं टेकून असा रडला, की पलीकडच्या बिल्डिंगमधले लोक गॅलरीत आले. वहिनीच्या हातात किल्ली तशीच राहिली.

सभेच्या शेवटच्या दिवशी तो आंघोळ करून, शुद्धीत, पहिल्या रांगेत बसला होता. उपदेशक म्हणाले, "आपल्या नव्या जन्माचा दिवस ज्यांना सांगता येतो त्यांनी उभं राहा." पंधरा-वीस जण उठले. दिपेश तर उडी मारून उठला. वहिनी उठली नाही. काय सांगणार? दृढीकरणाचा दिवस आठवत होता, पण त्या दिवशी नवी चप्पल लागत होती एवढंच तिला आठवत होतं.

नीलाबाई मागून वाकल्या. "अगं, तू बसलीस? तुझा दिवस कोणता गं?"

"माझा रोजच असतो," वहिनी म्हणाली. पण तोंड कडू झालं होतं.

तिथून तिच्या मनात हेवा शिरला. दिपेशने खरंच दारू सोडली. कामावर जाऊ लागला. कल्पिता माहेराहून ट्रंक घेऊन आली, गालावर मांस चढलं, नवे पडदे लावले. आणि दिपेशला साक्ष द्यायला, म्हणजे देवाने आपल्याला कसं बदललं ते सांगायला, बोलावणी येऊ लागली. आज भांडुप, उद्या कळवा, परवा दहिसर. लोक त्याला दिपेशभाऊ म्हणू लागले. लोकांनी घरी बोलावून जेवायला घालावं, म्हाताऱ्यांनी त्याचे हात धरून माझ्यासाठी प्रार्थना करा म्हणावं. साक्षीत तो गटार सांगायचा, बाटली सांगायचा, मांडव सांगायचा, प्रभू सांगायचा. गटारातून उचलणारी वहिनी मात्र त्यात कुठे नव्हती.

"विसरत असेल गं," चंद्रप्रकाश म्हणाला.

"विसरणारच. मी काय गटारात पडले नव्हते ना, लक्षात राहायला." तिने पातेलं आदळलं. "अहो, मला एक सांगा. मी काय करायला हवं होतं? प्यायला हवी होती का? चार वर्षं पिऊन लोळले असते तर मलाही मिळाली असती कृपा. आमच्या वाट्याला झाडू, आणि ह्याच्या वाट्याला आलिंगन!"

"तूच तर मागत होतीस ना त्याच्यासाठी?"

"मागत होते. त्याने दारू सोडावी म्हणून मागत होते. माझ्या डोक्यावर बसावं म्हणून नाही."

चंद्रप्रकाश हसला, आणि ते हसणं तिला आणखी लागलं.

खरी आग वेगळीच होती, ती तिने नवऱ्यालाही सांगितली नाही. दिपेश सकाळी ओट्यावर बसून प्रार्थना करायचा. पातळ भिंतीपलीकडून तिला ऐकू यायचं. तो देवाशी असा बोलायचा, की जणू देव समोर चहा पीत बसलाय. मध्येच हसायचासुद्धा. ती भिंतीला कान लावून उभी राहायची आणि आतून जळायची. जन्मभर ज्या घरात ती केर काढत होती, त्या घराचा मालक ह्याच्याशी हसून बोलत होता, आणि तिला त्याने कधी बस म्हटलं नव्हतं.

ऑक्टोबरात पंचांनी ठरवलं की दिपेशला पुन्हा प्रभुभोजनाला घ्यायचं. त्या रविवारी आधी त्याची साक्ष, मग भोजन, मग अंगणात सगळ्यांना त्याच्याकडून जेवण. पाळकसाहेब मुद्दाम वहिनीच्या घरी आले. "वहिनी, रस जरा जास्त लागेल. बाहेरचीही माणसं येतायत दिपेशसाठी."

"करते," ती म्हणाली. दिपेशसाठी माणसं येतायत, हे वाक्य मशीनच्या सुईसारखं तिला टोचत राहिलं.

गुरुवारी सकाळी तिने रस करायला घेतला, नेहमीपेक्षा दोन दिवस आधीच, कारण शनिवारी कल्पिताला जेवणाच्या तयारीत हात द्यायचा होता. तेवढ्यात कल्पिता दारात. "ताई, तुमच्या फ्रिजमध्ये जागा आहे? मटण आणि केक ठेवायचाय. आमचा फ्रिज चिमुकला. आणि ताई, हे म्हणतात मी पण दोन शब्द बोलावेत रविवारी. मला कसलं बोलता येतं! तुम्ही शिकवा ना. तुमची साक्ष कशी होती?"

"माझी नाही साक्ष," वहिनी म्हणाली. "मी आपली रस करणारी."

कल्पिता मटण आणायला गेली. वहिनीने एकदा उकळलेला रस गाळला. बरणी भरायला तीन-चार वाट्या कमी पडत होत्या. भिजवणाचं थोडं कच्चं पाणी बाजूला काढून ठेवलेलं होतं. नेहमी ती ते घालून पुन्हा उकळते. त्या दिवशी तिने ते तसंच ओतलं, झाकण लावलं आणि गॅस बंद केला. मनात म्हणाली, त्याच्या मेजवानीला काय माझी कंबर मोडून घेऊ? फ्रिज मटणाने आणि केकने भरला. बरणी ओट्यावर राहिली, ऑक्टोबरच्या उकाड्यात, रविवारपर्यंत.

रविवारी सकाळी चर्चच्या मागच्या खोलीत ती एकटीच होती. तिथे ओटा आहे, गॅस आहे, आणि प्रभुभोजनाचे इवलेसे पेले ठेवायची कपाटं. तिने बरणीचं झाकण फिरवलं आणि फुस्स आवाज झाला. रसाच्या कडेला बारीक बुडबुडे होते. वास घेतला. अगदी हलका वास होता, दुसऱ्या कुणाला कदाचित कळलाही नसता. पण वहिनीने तो वास दिपेशच्या शर्टांतून किती वर्षं धुऊन काढला होता.

ती तशीच उभी राहिली. बाहेर खुर्च्या सरकवल्याचे आवाज येत होते, पेटीवाला सूर धरत होता. आता कुणाला सांगायचं? नीलाबाईंना? रस नासला, वहिनीचा रस नासला, आणि तोही दिपेशच्या दिवशी! मंडळीत उभा जन्म ताठ ठेवलेली मान.

तेवढ्यात दार ढकलून दिपेश आला. पांढरा शर्ट, इस्त्री कडक, भांग पाडलेला.

"वहिनी, एक विचारू? हसू नको."

"विचार."

"मला भीती वाटतेय गं. परवा एका लग्नात कोणाच्या तरी ग्लासचा वास आला आणि सगळं अंग तिकडे ओढलं गेलं. पळत सुटलो मी. लोकांना वाटतं दिपेशभाऊ एकदम पक्के झाले. मी कुठला पक्का, रोज सकाळी मागून घेतो तेवढ्यावर दिवस निघतो." त्याने बरणीकडे बघितलं. "ह्यात तसलं काही नसतं ना? थोडंसुद्धा?"

तिने झाकण घट्ट दाबून धरलं. "रस मी केलाय, दिपेश."

"तू केलायस म्हणजे प्रश्नच नाही." त्याचे खांदे खाली आले, चेहरा शाळेतल्या पोरासारखा मोकळा झाला. तो गेला.

आणि वहिनीने पेले भरले. एकेक करून भरले. आता खोटं सांगू कशाला, तिच्या मनात त्या वेळी एक विचार होता, तो तिने पुढे आपल्या तोंडानेच सगळ्यांना सांगितलाय. बघू तरी, किती नवा झालाय हा. वरून मिळालंय ना, मग टिकेल. आणि नाही टिकलं, तर कळेल सगळ्यांना. पेल्यांच्या तबकावर तिने पांढरं कापड पसरलं, नीट, सुरकुती न ठेवता.

उपासना सुरू झाली. दिपेशने साक्ष दिली. गटार, बाटली, मांडव. आजही त्यात वहिनी नव्हती. कल्पिता दोन शब्द बोलायला उभी राहिली आणि नुसतीच रडून बसली. मग सगळ्यांनी मिळून पापांची कबुली म्हटली. वहिनी मागच्या दाराशी उभी राहून म्हणत होती, नेहमीसारखी, पाठ असलेली. तोंड चालत होतं आणि नजर पुढच्या बाकावर होती. दिपेश डोळे मिटून बसला होता, दोन्ही हात ओंजळीसारखे पुढे धरून. डब्यासाठी असाच उभा राहायचा हा, शाळेत जाताना. वहिनीने डब्यात काय भरलंय ते उघडून बघायचा नाही कधी.

पाळकसाहेबांनी कापड उचललं.

"थांबा!" असा आवाज चर्चमध्ये घुमला. तो आपला आहे हे वहिनीला नंतर कळलं.

सगळ्या माना मागे वळल्या. ती खुर्च्यांच्या मधून पुढे आली. "पाळकसाहेब, तो रस देऊ नका. आंबलाय."

"अगं बाई!" नीलाबाई.

"कधी लक्षात आलं, वहिनी?" पाळकसाहेब हळूच म्हणाले. तिच्यासाठी ते एक दार उघडं ठेवत होते. आत्ताच वास आला म्हणाली असती तर प्रश्न मिटला असता.

"सकाळीच," ती म्हणाली. "दिपेशने मला विचारलंसुद्धा. मी सांगितलं नाही त्याला. मला बघायचं होतं..." तिने तबकाच्या कडेवर हात ठेवला. मग बोललीच. "मला बघायचं होतं हा पडतो का. मी जळते ह्याच्यावर. मला जे कधी मिळालं नाही ते ह्याला फुकट मिळालं, म्हणून जळते."

वहिनीने तबक उचललं, मागच्या खोलीत नेलं आणि मोरीत एकेक पेला ओतू लागली. आंबट वास खोलीभर झाला. दारात पावलं वाजली. दिपेश नाकाला रुमाल लावून उंबऱ्याबाहेर उभा होता.

"आत येऊ नको रे," ती ओरडली. "वास येतोय."

"येत नाही आत." त्याचा आवाज रुमालातून आला. तो रिकाम्या पेल्यांकडे बघत राहिला. मग म्हणाला, "वहिनी, मनुका आहेत का अजून?"

"नाहीत."

"कल्पिता!" तो अंगणाकडे तोंड करून ओरडला. "पुलावाचे बेदाणे उरलेत का गं?"

कल्पिता पदर खोचून बेदाण्यांची पुडी घेऊन धावत आली. वहिनीकडे तिने एकदाच बघितलं. त्या नजरेत राग होता, का नसावा? पण पुडी तिने वहिनीच्याच हातात दिली. "सांगा कसं करायचं."

"धू आधी. मग पाणी ठेव. दोनदा उकळायचं," वहिनी म्हणाली. "दुसऱ्यांदा टाळायचं नाही."

बाहेर मंडळी भजनं म्हणत बसली. एकामागून एक, पेटीवाल्याची बोटं दुखेपर्यंत. आत दोघी जावा वाफेत उभ्या होत्या. बेदाण्यांचा रस काळ्या मनुकांसारखा लाल होत नाही. तो पिवळट, पाणीदार झाला, उसाच्या रसात बर्फ वितळल्यावर होतो तसा. वहिनीला बघूनच कसंतरी झालं. असला रस तिने आयुष्यात कुणाला दिला नसता.

तबक कल्पिताने नेलं. वहिनी मोरीपाशी पेले विसळत राहिली. पाळकसाहेब स्वतः मागे आले. "वहिनी, या."

"मी आज घेणार नाही. मी लायक नाही."

"इथे लायकांसाठी वेगळी पंगत आहे का? मला तरी माहीत नाही." ते थांबले. "इतकी वर्षं तुम्ही रस वाढलात, आणि तुमचा पेला इथे, हात ओले असताना, उभ्याने घेतलात. आज बसून घ्या."

ती हात पुसत पुढे आली. कुठे बसावं कळेना. पुढच्या बाकावर दिपेश सरकला, कल्पिताला कोपराने सरकवलं. वितीएवढी जागा झाली. वहिनी त्यात बसली. कोमट पिवळा रस तिच्या हातात आला. तिने न केलेला, न कमावलेला, जिला तिने दुखावलं तिच्या हाताने झालेला. एक घोट होता. प्यायली, आणि तिला जे झालं त्यासाठी तिच्याकडे शब्द नाहीत, माझ्याकडे कुठून असणार? मागून आम्हाला फक्त तिची पाठ दिसत होती. ती पाठ हलत होती, आणि दिपेश तिच्या खांद्यावर थोपटत होता, जरा जोरातच, वायरमनचा हात.

अंगणात पुलाव वाढताना नीलाबाईंनी तिला गाठलंच. "काय गं, एवढं सगळ्यांसमोर बोलायची काय गरज होती?"

"माहीत नाही," वहिनी म्हणाली. "तोंडातून आलं."

"आणि आता?"

"आता भूक लागलीय," ती म्हणाली, आणि खरंच दोनदा वाढून घेतलं.

रस अजून तिच्याच घरून येतो. फक्त आता बरणीबरोबर कल्पिता असते, आणि दोघींचं फाटकापर्यंत वेलची घालावी की नाही यावरून भांडण चालू असतं. दिपेशची प्रार्थना भिंतीपलीकडून ऐकू आली की वहिनी म्हणते, "हळू रे, आमचंही चाललंय इकडे."

हेवा पुरता गेला असं ती स्वतःही म्हणत नाही. मागच्या महिन्यात दहिसरला एका घरी प्रार्थना सभा होती, आम्ही सगळे गेलो होतो. साक्षीची वेळ झाली. दिपेश उभा राहिला आणि या वेळी त्याने गटार, बाटली काहीच घेतलं नाही. म्हणाला, "आमच्या चर्चमध्ये एका रविवारी रस आंबला होता. तेव्हा आमच्या वहिनीने..."

वहिनीने खालून त्याचा शर्ट ओढला.

"बस खाली," ती म्हणाली. "ती साक्ष माझी आहे."

आणि पदर सावरून उभी राहिली.